फाळक्यांचं कर्जप्रकरण

कर्जाच्या छापील अर्जात ‘व्यवसायाचा पूर्वानुभव’ असा एक रकाना असतो. नाशिकच्या एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात माझी उभी नोकरी गेली, त्यामुळे या रकान्यात माणसं काय काय लिहितात ते मला पाठ आहे. द्राक्षबागायतदार लिहितो ‘वडिलोपार्जित’. सातपूरचा लेथवाला लिहितो ‘कंपनीत टर्नर’. ज्याच्याकडे लिहिण्यासारखं काही नसतं तो ‘आवड आहे’ असं लिहितो आणि त्याची फाईल आपोआप ढिगाच्या तळाशी जाते. निवृत्त झाल्यावर मी दादासाहेब फाळक्यांवर मिळेल ते वाचत गेलो. गाव आमचं आणि माणूसही आमचा, हे एक कारण. दुसरं कारण सवयीचं. त्यांच्या आयुष्याकडे मला कर्जप्रकरण म्हणूनच बघता येतं. आद्य दिग्दर्शक, जनक वगैरे लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्यांच्यातला निर्माता दिसतो. निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा आणि उद्या तो कुठून येणार हे माहीत नसताना आज साठ माणसांचा स्वयंपाक चढवायला सांगणारा माणूस.

तर १९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके, वय एकेचाळीस, यांचा पूर्वानुभव असा. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. मुलानंही शास्त्री व्हायचं, पण १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. मग बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, साचेकाम. तिथले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा लोभ जडला. मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ. तिथे प्लेगनं पहिली बायको आणि मूल गेलं, स्टुडिओही उठला. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. मग जादूचे प्रयोग, ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं. (फाळके उलटं वाचा.) मग पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन ही सरकारी नोकरी. ती वंगभंगाच्या दिवसांत, १९०६ साली सोडली. मग लोणावळ्यात छापखाना, रविवर्मा प्रेससाठी शिळाछापाची कामं. मग दादरला मोठा छापखाना, भागीदारी, तिरंगी छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ साली जर्मनीची फेरी. परत आल्यावर भागीदाराशी बिनसलं आणि स्वतः उभा केलेला छापखाना सोडून रिकाम्या हातानं बाहेर.

हा कागद समोर आला असता तर मी समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला असता: ‘अस्थिर’. आमच्याकडे हा शब्द म्हणजे अर्धा नकार. माणूस एका धंद्यात टिकत नाही, भागीदाराशी पटत नाही, पक्की नोकरी सोडतो. गंमत अशी की यातली एकही गोष्ट पुढे वाया गेली नाही. रसायनं कळत होती म्हणून फिल्म घरी धुता आली. पडदे रंगवले होते म्हणून राजवाडा उभा करता आला. जादू येत होती म्हणून देव अदृश्य करता आले. चित्रपटाला लागणारे सगळे उद्योग या माणसानं एकेक करून शिकून ठेवले होते, फक्त ते शिकत असताना चित्रपट नावाचा धंदा या देशात नव्हता. बँकेचा अर्ज मागचं विचारतो, म्हणून तिथे असा माणूस नेहमी मार खातो.

पुढची कथा शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. १९१०-११ च्या सुमारास गिरगावच्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना डोळ्यांपुढे राम-कृष्ण यायला लागले. हे त्यांनी स्वतःच पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत सांगितलं आहे. मग ध्यास, रोज सिनेमा, रात्रीची जागरणं, आणि त्यातून दृष्टी जवळजवळ जाणं. डॉक्टरी उपचारांनी ती परत आली. मी एवढ्यावर सोडतो, कारण मला घाई आहे ती तारणाकडे जायची.

तारण होतं आयुर्विम्याच्या पॉलिशांचं. बारा हजारांच्या पॉलिशा गहाण टाकून दहा हजारांचं कर्ज. आकडा वाचून मी क्षणभर थांबलो होतो. पॉलिसीची दर्शनी रक्कम वेगळी आणि ती आज मोडली तर हातात येणारी रक्कम वेगळी. कर्ज देताना आम्ही दुसरी बघतो. बारा हजारांच्या कागदावर दहा हजार देणारा धनको एक तर फार उदार होता, नाहीतर त्यानं कागदापेक्षा माणसाकडे जास्त पाहिलं होतं. दुसरं असं की विम्याचा पैसा नवऱ्याचा नसतोच. तो मागे राहणाऱ्या बायकोचा असतो. म्हणजे भारतीय चित्रपटाचं पहिलं तारण फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांचं उतारवय होतं.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके बोटीनं लंडनला निघाले. तिथे ओळखीचं कोणी नाही. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची पाटी दिसली म्हणून सरळ आत शिरले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी आधी परावृत्त केलं. हिंदुस्थानच्या हवेत हा धंदा जमणार नाही, असं त्यांचं मत. माणूस हटत नाही असं दिसल्यावर मात्र त्यांनी वॉल्टनच्या स्टुडिओत सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेलं, सगळे विभाग दाखवले. फाळक्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कच्ची फिल्म मागवली. लंडनचा मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. १ एप्रिलला परत आले आणि ‘फाळके फिल्म्स’ काढली. उधारीच्या पैशावर परदेशी गेलेला माणूस तिथे एक दिवसही जास्त राहिला नाही, ही नोंद मी त्यांच्या बाजूनं करतो.

दहा हजार यंत्रांत आणि प्रवासात गेले. चित्रपट काढायला आता नवा पैसा हवा. इथे फाळक्यांनी जे केलं त्याला मी आजही मनातून नमस्कार करतो. माझ्यापुढे शेकड्यानं प्रकल्प अहवाल आले. सी. ए. लोकांनी बांधून दिलेले, पाच वर्षांच्या नफ्याचे तक्ते जोडलेले, आणि सगळ्या तक्त्यांत नफा वरवरच चढणारा. फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले. समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिन्याहून जास्त काळ रोज थोडी थोडी चित्रं टिपत गेले. मग ती फिल्म धुऊन, जोडून, पडद्यावर सोडली. मातीतून कोंब वर आला, पानं फुटली, वेल चढला, आणि सगळं मिनिटभरात. नाव ‘अंकुराची वाढ’. निवडक लोकांना बोलावून तो दाखवला. त्यात यशवंतराव नाडकर्णी होते, नारायणराव देवहरे होते. त्यांनी कर्ज देऊ केलं.

या प्रकल्प अहवालात नफ्याचा एकही आकडा नव्हता. त्यात दोन गोष्टी सिद्ध झाल्या होत्या. यंत्र या माणसाच्या हाताला वश आहे, आणि तो एका कुंडीसमोर महिनाभर बसू शकतो. तारण बघून कर्ज दिलं की वसुली तारणातून होते. काम बघून दिलं की कामातून होते. हे मी पाठ म्हणून शिकलो होतो आणि पाळलं क्वचित.

‘राजा हरिश्चंद्र’ काढायला नाडकर्ण्यांचा पैसाही पुरणार नव्हता. मग दागिने आले.

सोनेतारणाचं टेबल मी काही वर्षं सांभाळलं. नवरा-बायको येतात. नवरा खुर्चीवर बसतो, बायको मागे उभी राहते. सोनार पाटल्या कसाला लावतो, तराजूत टाकतो, वजन पुकारतो. नवरा वजन ऐकतो. बायको पाटल्यांकडे बघत असते. सह्या मात्र दोघांच्या लागतात. सरस्वतीबाईंनी दागिने स्वतः होऊन दिले, असं सगळे चरित्रकार लिहितात आणि ते खरंच असावं, कारण पुढच्या सगळ्या वागण्याशी ते जुळतं. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की हे वाक्य लिहून पुढे जाण्याइतकं ते लहान नाही. विमा गेला होता. आता सोनं गेलं. दादरच्या घरात लहान मुलं होती. धंदा असा की ज्याचं नाव शेजारणीला सांगून कळणार नाही.

आणि त्या नुसत्या जामीनदार राहिल्या नाहीत. कच्ची फिल्म त्या काळी कडांना भोकं न पाडता यायची. ती अंधारात, हाताच्या यंत्रावर, अंदाजानं पाडावी लागत, आणि भोक थोडं चुकलं तर चित्र पडद्यावर नाचे. हे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. दिवसा चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर उन्हात धरून नटांच्या तोंडावर उजेड टाकायचा. रसायनं कालवायची. साठ-सत्तर माणसांचं दोन्ही वेळचं जेवण बघायचं. रात्री सगळे झोपले की भोकं पाडायला बसायचं. कॅमेरामागे फाळक्यांचे मित्र त्र्यंबक तेलंग असत. त्यांचं नाव इतिहासात तंत्रज्ञ म्हणून नोंदलं गेलं आहे. बाईंना मात्र ‘सहधर्मचारिणी’ म्हणतात. आमच्या हिशेबात कुटुंबीयांची मजुरी खर्चाला धरत नाहीत, म्हणून घरगुती धंदे कागदावर नेहमी नफ्यात दिसतात. ‘राजा हरिश्चंद्र’चा खरा खर्च म्हणूनच कुणालाही काढता येणार नाही.

चित्रीकरण दादरला मथुरा भवनात झालं. तो रस्ता आता फाळक्यांच्याच नावानं आहे. हरिश्चंद्र दत्तात्रय दामोदर दाबके, रोहिदास घरचाच मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी बाई मिळेना. नाटकात काम करणं हलकं मानलं जाई, आणि हे तर त्याहून अनोळखी. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके सापडला. नाजूक बांधा, लांब बोटं. त्याला तिथे महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या नायिकेचा करार पाच रुपयांच्या वाढीवर झाला. नोकरांना ताकीद अशी की कुठे काम करता विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ असं सांगायचं, कारण फॅक्टरी म्हटलं की सासुरवाडी गप्प बसते. वांगणीला बाहेरचं चित्रीकरण होतं, तेव्हा तलवारी-भाले घेतलेली मंडळी बघून गावच्या पोलीस पाटलाला दरोडेखोर आल्यासारखं वाटलं, तोही किस्सा प्रसिद्ध आहे.

सहा महिने सत्तावीस दिवस काम चाललं. ३,७०० फूट फिल्म, चार रिळं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये खेळ लागला. सोबत नाच, कसरती, विनोदी प्रवेश असा भरणा होता, कारण नुसत्या चित्रपटावर तिकीट विकलं जाईल याची थिएटरला खात्री नव्हती. ती प्रेक्षकांनी दिली. मुंबईत चाललं. बाहेरगावी मात्र वेगळीच अडचण निघाली. रात्रभर चालणारी नाटकं बघणाऱ्या माणसाला तासाभराच्या खेळाला पैसे मोजणं म्हणजे फसवणूक वाटे. सुरतेला पहिल्या दिवशी तीन रुपये गल्ला जमला. थिएटरवाला हबकला. फाळक्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत. गल्ला रोजचा तीनशेवर गेला.

ही जाहिरात सगळे जण कौतुकानं सांगतात. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं बसतात. ३,७०० गुणिले सोळा म्हणजे एकोणसाठ हजार दोनशे. फोटोंचा आकडा बरोबर, उलट थोडा कमीच सांगितलेला. पण ३,७०० फूट म्हणजे मैलसुद्धा होत नाही. दोन मैलांना साडेदहा हजार फूट लागतात. फोटो खरे, लांबी जवळपास तिप्पट फुगवलेली. निर्माता ओळखायचा तो असा. त्यातून मोजणारं कुणी थिएटरात येत नाही, हेही त्यांना ठाऊक असणार.

त्याच वर्षी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला आला. ‘मोहिनी भस्मासुर’ झाला, त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, पडद्यावर आल्या. ‘सत्यवान सावित्री’ झाला. कारखाना कसला, राहत्या घराचाच पसारा: आवारात सेट, अंधाऱ्या खोलीत धुलाई, एका बाजूला वेशभूषा, मागे भटारखाना. शिवाय खेळ घेऊन फाळके स्वतः गावोगाव फिरत. प्रोजेक्टर, पडदा, रिळं बैलगाडीत घालून, आणि परतताना तीच गाडी चिल्लर घेऊन. निर्माता, वितरक आणि प्रदर्शक हे तीन धंदे पुढे वेगळे झाले आणि एकमेकांच्या उरावर बसले. इथे ते एका गाडीत होते.

१९१४ साली चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. या वेळी इंग्रजी पत्रांनी कौतुक केलं. हेपवर्थ यांनी देऊ केलं की इथेच राहा, हिंदुस्थानी विषयांवर चित्रपट काढा, खर्च आमचा, पगार आणि वर नफ्यात वाटा. फाळक्यांनी नकार दिला. चित्रपट हिंदुस्थानात, हिंदुस्थानी हातांनी निघाले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट होता आणि तो स्वदेशीच्या दिवसांतला होता. नोकरी सोडली तेव्हापासूनचा. माझ्यातला बँकवाला इथे हळहळतो. माझ्यातल्या नाशिककराला बरं वाटतं.

मग ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. इथे पैसा पुरवणाऱ्यांनी हात आखडता घेतला, नाशिकचा कारखाना थंडावला, आणि फाळके परत आले ते कर्जात. इथून तीन वर्षांचा काळ मला सगळ्यात बोलका वाटतो आणि चरित्रांत तो सगळ्यात भरभर उरकला जातो. चित्रपट नावाजले गेले आहेत, पैसे मिळवून चुकले आहेत, काढणाऱ्याचं नाव विलायतेपर्यंत गेलं आहे, आणि तरीही पुढच्या चित्रपटाला कोणी पैसे देत नाही. फाळके लहान लहान फिल्मा काढत राहिले. त्यांतली एक ‘चित्रपट कसे तयार करतात’ या विषयावरची. तिचे काही तुकडे शिल्लक आहेत. फाळके स्वतः नटांना समजावताना, फिल्म तपासताना दिसतात. कारखाना चालू आहे हे भांडवलवाल्यांना दाखवायचं होतं. पुन्हा वाटाण्याचीच युक्ती, पण या वेळी वेल चढला नाही.

यामागचं कारण फाळक्यांच्या स्वभावात शोधतात. मला ते धंद्याच्या जातीत दिसतं. लेथ गहाण ठेवता येतो. कर्ज बुडालं तर लेथ विकता येतो. चित्रपटाचं काय विकणार? तयार झालेली फिल्म नायट्रेटची, ठिणगी लागली की भडकणारी, आणि न पेटली तरी वर्षागणिक सडणारी. अर्धा झालेला चित्रपट तर रद्दीइतकाही किमतीचा नाही. गल्ला येतो तो पैशा-आण्यांत, एकदम, आणि मग महिनोन्‌महिने येतच नाही. पुढे निगेटिव्ह सावकाराच्या नावावर लॅबमध्ये अडकवून ठेवायची पद्धत आली, त्यावर मराठी निर्मात्यांच्या दोन-तीन पिढ्या जगल्या आणि मेल्या. चित्रपटाला उद्योग म्हणून मान्यता देण्याची घोषणा केंद्र सरकारनं केली ती १९९८ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर पंच्याऐंशी वर्षांनी. त्यानंतरही आमच्या शाखेत एक तरुण मराठी चित्रपटासाठी कर्ज मागायला आला, तेव्हा संगणकावर व्यवसायाचा जो कोड टाकावा लागतो तोच सापडेना. शेवटी त्यानं राहता फ्लॅट तारण देऊन ‘घरदुरुस्ती’ या नावाखाली कर्ज मागायची तयारी दाखवली. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

१९१७ साली ‘लंकादहन’ आला आणि सगळं पालटलं. पुण्याच्या आर्यनमध्ये, मग मुंबईला वेस्ट एंडमध्ये. अण्णा साळुंकेच राम आणि अण्णा साळुंकेच सीता. पुरुषी दंडांचं लोकांना काही वाटलं नाही. राम पडद्यावर दिसला की माणसं चपला काढत. दहा दिवसांत मुंबईत बत्तीस हजार रुपये जमले, आणि मद्रासला तर नाण्यांच्या थैल्या पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाडीतून न्याव्या लागल्या असं सांगतात.

आता पैसेवाले आपणहून आले. १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकला सुरू झाली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट, माधवजी जेसिंग वगैरे भांडवलदार भागीदार, फाळके काम करणारे भागीदार. ‘श्रीकृष्णजन्म’ मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये तुफान चालला. ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली फाळक्यांची सात वर्षांची मंदाकिनी. ती पोर पडद्यावरच्या नागाच्या फण्यावर अशी हसत नाचते की आजही बघताना आपण थक्क होतो.

आणि दीड-दोन वर्षांत भागीदारांचं बिनसलं. आपटे वगैरे मंडळींना हिशेब हवा होता, वेळापत्रक हवं होतं, खर्चाला आधी मंजुरी हवी होती. फाळक्यांना एखादा पडदा मनासारखा होईपर्यंत पुन्हा रंगवायचा असे, आणि पैसे तिजोरीतून उचलून खर्च करायची जुनी सवय. बहुतेक लिहिणारे इथे भागीदारांना खलनायक करतात. मी करणार नाही. ज्यानं पैसा घातला त्यानं पावती मागितली तर तो कलेचा शत्रू होत नाही. पण फाळक्यांचा हा तिढा मला आता उलगडतो असं वाटतं. कर्ज देणाऱ्यांशी त्यांचं कधी भांडण झालेलं दिसत नाही. पॉलिशांवर देणारे, नाडकर्णी, देवहरे, घरचे दागिने, हे सगळे फक्त पैसे परत मागू शकत होते. भागीदार मत मागत होता. दादरच्या छापखान्यात हेच झालं होतं. या माणसाला कर्ज झेपे, वाटेकरी झेपत नसे. स्वतंत्र निर्माता म्हणायचं ते अशालाच, आणि त्याचं स्वातंत्र्य सगळ्यात जास्त महाग पडतं ते घरच्यांना, कारण बिनशर्त पैसा फक्त घरात मिळतो.

फाळके कंपनी सोडून कुटुंबासह काशीला निघून गेले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं, ते रंगमंचावर आणलं, आणि ते चाललं नाही. १९२२ साली ते नाशिकला, त्याच कंपनीत परत आले. या वेळी महिना पगारावर. भागीदाराचा नोकर झालेली माणसं मी पाहिली आहेत. ती वेळेवर येतात आणि वेळेवर जातात. फाळक्यांनी त्या नोकरीत पुष्कळ चित्रपट काढले. कंपनीचे एकूण शंभराच्या घरात गेले. मूकपटांचा तो धंदा होता आणि नाशिक त्याचं गाव होतं. या वर्षांबद्दल मला फार बोलावंसं वाटत नाही.

मग ‘सेतुबंधन’. मायाशंकर भटांच्या पैशावर फाळक्यांनी पुन्हा स्वतःची वाट धरली. चित्रपट भव्य होत गेला, पैसा मध्येच आटला, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, दोन वर्षं गेली. तेवढ्यात १४ मार्च १९३१ रोजी त्याच मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ बोलायला लागला. ‘सेतुबंधन’ तयार झाला तेव्हा मूकपट बघायला कोणी उरलं नव्हतं. त्यावर मागाहून आवाज चढवावा लागला, तोही आणखी पैसे घालून. प्रकल्प पुरा होण्याआधीच त्याचं तंत्र जुनं होणं, हा प्रकार आमच्या फायलींत नेहमीचा आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी शेडना त्यानं कुलपं लावली.

शेवटचा चित्रपट दुसऱ्याच्या दौलतीवर झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी बोलावलं. ‘गंगावतरण’, फाळक्यांचा एकमेव मुळातला बोलपट. अडीच लाख रुपये खर्च, दोनेक वर्षं काम, ६ ऑगस्ट १९३७ रोजी मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये प्रदर्शन. फाळके सदुसष्ट वर्षांचे होते. घरच्या चादरीनं उजेड टाकून सुरू झालेला माणूस अडीच लाखांवर येऊन थांबला, आणि त्यातला एक रुपयाही त्याचा नव्हता, हे त्याच्या दृष्टीनं चांगलंच म्हणायचं.

१९३९ साली मुंबईत चित्रपटधंद्याचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. त्या मांडवात फाळकेही होते, गर्दीतल्या एका खुर्चीवर. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यासाठी निधी जमवला, प्रभात फिल्म कंपनीनं त्यात भर घातली, आणि त्यातून नाशिकला घर झालं. घराचं नाव ‘हिंद सिनेजनक आश्रम’. कर्ज न काढता झालेली त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा एकच वास्तू.

इथे थांबला असता तर तो माणूस फाळके नसता. दुसऱ्या महायुद्धात कच्ची फिल्म मिळेना. चित्रपट काढायचा तर सरकारचा परवाना लागे, आणि तो चालत्या कंपन्यांनाही अडखळत मिळे. त्र्याहत्तर वर्षांच्या फाळक्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. कंपनी नाही, स्टुडिओ नाही, गहाण टाकायला आता काही शिल्लक नाही, प्रकृती खालावलेली. परवाना नाकारल्याचं सरकारी उत्तर फेब्रुवारी १९४४ च्या मध्यात नाशिकला पोहोचलं आणि १६ तारखेला ते गेले. त्या अर्जाच्या टिपणीवर सही करणारा कारकून कोण होता कुणास ठाऊक. तुटवड्याचा हुकूम समोर, आणि अर्जदाराकडे दाखवायला एकही चालू धंदा नाही. नियमावर बोट ठेवून मीही तिथे नामंजूरच लिहिलं असतं.